आज शाळा आहे का? मुठेकाठच्या पावसाळी सुट्टीचा इतिहास

२५ जुलै २०२४. पहाटेच्या अंधारात खडकवासला धरणातून मुठेच्या पात्रात ३५ हजार क्युसेकहून अधिक पाणी सोडले जात होते. उजव्या काठावर, सिंहगड रस्त्याजवळच्या एकतानगरीत, इमारतींचे तळमजले पाण्याखाली गेले. डाव्या काठावर उत्तमनगर, शिवणे, वारजे, कर्वेनगर. धरणाकडून शहराकडे येताना मुठा याच क्रमाने या वस्त्यांना भेटते. त्या सकाळी या भागातल्या हजारो घरांत एकच प्रश्न विचारला गेला असणार : आज शाळा आहे का?

तत्कालीन जिल्हाधिकारी सुहास दिवसे यांनी शहरातील शाळांना सुट्टी जाहीर केली. ती त्या दिवशी सकाळी जाहीर झाली, आदल्या संध्याकाळी नव्हे. पुण्यातल्या अनेक शाळांचे पहिले सत्र सातच्या सुमारास भरते. त्यासाठीच्या बस आणि रिक्षा साडेसहापूर्वीच रस्त्यावर असतात. त्यामुळे सुट्टीच्या आदेशात मजकुराइतकेच महत्त्व त्याच्या वेळेला असते. पावसामुळे शाळा बंद ठेवण्याचा अधिकार कोणाचा, आणि तो कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला, हा या धाग्याचा विषय आहे.

आरंभ बराच मागे जातो. वेदाध्ययनाच्या परंपरेत ‘अनध्याय’ नावाची तपशीलवार व्यवस्था होती. अध्ययन कधी थांबवायचे याचे नियम धर्मशास्त्राच्या ग्रंथांत आहेत. याज्ञवल्क्यस्मृती अशा ३७ प्रसंगांची गणना करते, तर मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात विजा, मेघगर्जना, पाऊस, रात्री कानांना ऐकू येणारा वारा आणि दिवसा धूळ उडवणारा वारा यांचा उल्लेख येतो. विजा, गडगडाट आणि पाऊस एकत्र आले तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत पाठ बंद, असा तो हिशेब. ही व्यवस्था मूठभरांच्या शिक्षणाची होती आणि तिच्यामागे सुरक्षेपेक्षा शुचितेचा विचार मोठा होता, हे विसरून तिला ‘प्राचीन आपत्ती व्यवस्थापन’ म्हणणे म्हणजे इतिहासाची थट्टा होईल. मात्र एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. निर्णय गुरूचा होता आणि तो डोक्यावरचे आकाश पाहून होत असे.

आणखी एक गंमत. त्या परंपरेत अध्ययनाचे सत्र सुरूच होत असे पावसाळ्यात. श्रावणात उपाकर्म आणि तिथून पुढे सुमारे साडेचार महिने वेदाध्ययन. पाऊस हा शिकण्याचा हंगाम होता, कारण शिष्य गुरूच्या घरीच राहत. शाळेत जाण्यासाठी ओढा ओलांडावा लागत नसेल, तर पावसाळी सुट्टीची गरजच कमी होते.

मुंबई इलाख्यात १८५५ साली शिक्षण खाते उभे राहिले आणि शाळा हळूहळू घड्याळावर व कॅलेंडरवर चालू लागल्या. या कॅलेंडरातली मोठी सुट्टी उन्हाळ्याची. पुण्यापुरते ते सयुक्तिकही होते. शहर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. वर्षाचा सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या थोडा वर, तोही बहुधा रिमझिम. मुंबईचे गव्हर्नर पावसाळा काढायला पुण्यात, गणेशखिंडीला येत, ते उगीच नव्हे. अशा शहरात पावसासाठी शाळेला सुट्टी कशाला?

घाटमाथ्यावर मात्र हे कॅलेंडर टिकले नाही. महाबळेश्वर तालुका आणि जावळी-पाटणचा अतिपावसाचा पट्टा येथील अनेक प्राथमिक शाळांना उन्हाळ्याऐवजी पावसाळी सुट्टी असते. बाकी महाराष्ट्रातली मुले मे महिन्यात मामाच्या गावी असतात, तेव्हा तिथली मुले वर्गात बसतात. जून-जुलैमध्ये ओढे भरून वाहू लागले की त्यांच्या शाळा बंद होतात. तिकडे विदर्भात उन्हाच्या झळांमुळे शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात. म्हणजे हवामानानुसार शाळेचे वर्ष हलवता येते, हे शासनाला ठाऊक होते. ज्या जागी संकट दरवर्षी ठरल्या वेळी येते, तिथे कोणाला पहाटे उठून आदेश काढावा लागत नाही.

पुण्याची अडचण वेगळी आहे, आणि ती भूगोलाची आहे. येथे डोक्यावरचे आकाश आणि पायाशी असलेली नदी यांचा मेळ बसत नाही. २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत शिवाजीनगरला ११४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. पुण्यासाठी तो आकडा मोठा आहे. पण त्याच चोवीस तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस पडला. ताम्हिणीचे सगळे पाणी काही मुठेत येत नाही, पण घाट आणि शहर यांच्यातले अंतर या आकड्यांत दिसते. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला ही धरणे घाटाकडच्या पावसाने भरतात. खडकवासला या साखळीतले शेवटचे आणि आकाराने लहान धरण. वरून येणारे पाणी ते फार काळ अडवू शकत नाही, विसर्ग वाढवावाच लागतो. त्यामुळे वारज्यात भुरभुर असताना शिवणे-नांदेड पूल पाण्याखाली जातो. एका काठाला घर आणि दुसऱ्या काठाला शाळा असलेल्या मुलासाठी शाळेच्या अंगणातला पाऊस निरर्थक ठरतो.

याचा सर्वांत भयंकर धडा १२ जुलै १९६१ चा. बुधवार होता. आंबी नदीवरचे पानशेत धरण पूर्ण होण्याआधीच भरू लागले होते. आदल्या रात्री सैन्याच्या जवानांनी बांधावर वाळूची पोती रचून ते धरून ठेवण्याची शर्थ केली. सकाळी धरण फुटले, त्या लोंढ्याने पुढे खडकवासल्याचे १८७९ साली पूर्ण झालेले दगडी धरणही फोडले, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या. वारजे तेव्हा हवेली तालुक्यातले नदीकाठचे खेडे होते, म्हणजे पाण्याच्या वाटेवर पुण्याच्याही आधी.

जवानांनी मिळवून दिलेल्या त्या काही तासांचे मोल अपार आहे. धरण मध्यरात्री फुटले असते तर झोपलेले शहर वाहून गेले असते. पण सकाळ झाल्यावर पुणे नेहमीसारखे जागे झाले. त्या दिवसाच्या आठवणींत पुन्हा पुन्हा येते ते हेच : कोणी कचेरीला निघालेले, कोणी मंडईत, मुले शाळेत, आणि मग ‘पाणी येतेय’ अशी आवई. शाळा सोडण्याचा निर्णय जिथे झाला, तिथे तो कानावर आलेल्या बातमीवर झाला. नदी दिसेपर्यंत आकाशाने कोणालाच काही सांगितले नव्हते. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ ते १९४४ या काळात पुण्यातच होते आणि नंतरही वेधशाळेचे मोठे काम येथेच चालू राहिले. पण हवामानाचा अंदाज आणि धरणाची अवस्था यांतून ‘आज शाळा भरवू नका’ असे वाक्य तयार करणारी यंत्रणाच नव्हती. पुराची चौकशी झाली, न्यायमूर्ती नाईक आयोगाचा अहवाल आला, धरणे पुन्हा बांधली गेली. शाळांचा प्रश्न त्या धामधुमीत कोणाच्या ध्यानी आला नाही.

पुढची चार दशके सुट्टीचा निर्णय प्रामुख्याने स्थानिकच राहिला. वर्षातल्या काही सुट्ट्या मुख्याध्यापकांच्या अधिकारात असतात. छप्पर गळू लागले, ओढ्याला पाणी आले, तर त्यांतली एखादी खर्ची पडे. ही पद्धत वाईट नव्हती. गावचा मास्तर गावचा ओढा ओळखत असे. पण त्याला वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या धरणाचे दरवाजे दिसत नव्हते.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत ही मर्यादा उघडी पडली. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला कुलाब्यात जेमतेम ७३. दुपारनंतर पाऊस वाढला तेव्हा मुले शाळांत होती किंवा घरच्या वाटेवर. अनेकांनी ती रात्र वर्गात काढली, आणि ज्या शाळांनी मुलांना सोडले नाही त्यांचा निर्णय शहाणपणाचा ठरला. पुराच्या वेळी ‘शाळा लवकर सोडा’ हा आदेश कधीकधी ‘शाळा भरवा’ यापेक्षा घातक असतो, हे तेव्हा दिसले. दुसऱ्या दिवशी शासनाने सुट्टी दिली खरी, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपत्ती व्यवस्थापन अधिनियम झाला. त्याची मोठी प्रेरणा २००४ ची त्सुनामी. या कायद्याच्या कलम २५ ने प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण आणले, जिल्हाधिकारी त्याचा अध्यक्ष झाला आणि कलम ३४ ने आपत्तीच्या प्रसंगी वापरायचे अधिकार त्याला मिळाले. अनध्याय ठरवणाऱ्या गुरूपासून निघालेला अधिकार अशा रीतीने महसूल खात्याच्या प्रमुखाकडे पोहोचला. अधिकार शिक्षकाकडून गेला याची खंत काहींना वाटते, पण मुठेच्या खोऱ्यात हे स्थलांतर योग्यच होते. हवामान खात्याचा इशारा, पाटबंधारे खात्याचा विसर्ग, पोलिसांची रस्त्यांची माहिती या तिन्ही गोष्टी एकाच वेळी ज्याच्या समोर येतात, असे ते जिल्ह्यातले बहुधा एकमेव टेबल आहे.

या अधिकाराचा ठळक वापर पुण्याने २६ सप्टेंबर २०१९ ला पाहिला. आदल्या रात्रीच्या पावसाने आंबिल ओढा फुगून दक्षिण पुण्यात हाहाकार उडाला होता. तत्कालीन जिल्हाधिकारी नवल किशोर राम यांनी पुणे शहर, हवेली, भोर, पुरंदर आणि बारामती या पाच तालुक्यांतल्या शाळा-महाविद्यालयांना सुट्टी दिली.

तालुक्यांची ही यादी वारज्याच्या पालकाने वाचली तर क्षणभर गोंधळ होतो. वारजे १९९७ साली पुणे महापालिकेत आले. शेजारचे शिवणे आणि उत्तमनगर आले ते थेट २०१७ मध्ये. वीस वर्षे एकाच नदीकाठची, पायी जाण्याच्या अंतरावरची ही गावे दोन कारभारांत विभागलेली होती : इकडे महापालिकेची शाळा, तिकडे जिल्हा परिषदेची. शिवाय महसुली तालुक्याची हद्द आणि महापालिकेची हद्द एक नसते. पाणी या दोहोंपैकी एकही हद्द मानत नाही. सुट्टीचा अधिकार जिल्हा पातळीवर असण्याचा एक फायदा हाही आहे.

येथे एक तुलना उपयोगी पडेल. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हिमवर्षावाच्या दिवशी आणखी एक शब्दप्रयोग ऐकू येतो : ‘दोन तास उशीर’. शाळा बंद नाही, फक्त दोन तास उशिरा भरेल. पहाटेच शिक्षण अधिकारी रस्त्यांची स्थिती पाहून तसे कळवतात, तोवर बर्फ बाजूला काढला जातो, उजेड होतो आणि मग बस निघतात. पुण्यात हा मधला पर्याय जवळजवळ अस्तित्वातच नाही. कारण साधे आहे. येथे एकाच इमारतीत सकाळी एक शाळा भरते आणि दुपारी दुसरी. सकाळचे सत्र दोन तास पुढे ढकलले की ते दुपारच्या सत्रावर आदळते. आणि धरणाचा विसर्ग दोन तासांत ओसरेल असेही नाही. म्हणून आपल्याकडचा अर्धा उपाय वेगळा असतो. १८ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई महापालिकेने फक्त दुपारच्या सत्राला सुट्टी दिली, कारण सकाळचे विद्यार्थी आधीच वर्गात होते.

सुट्टी फुकट मिळत नाही. शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरणे बंधनकारक केले आहे. राज्यात वर्षाच्या एकूण सुट्ट्यांवर ७६ ची मर्यादा असते. बुडालेला दिवस कुठून तरी भरून काढावा लागतो. त्याहून जवळचा हिशेब दुपारच्या जेवणाचा. महापालिका किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या ज्या मुलाचे आईवडील बांधकामावर जातात, त्याला सुट्टीच्या दिवशी शाळेतली खिचडी मिळत नाही आणि घरी पाहायलाही कोणी नसते. इशारा खोटा ठरून कडक ऊन पडले की समाजमाध्यमांवर जिल्हाधिकाऱ्यांची चेष्टा होते. त्या चेष्टेत हे मूल सहसा नसते. पण म्हणून इशारा असताना वाट पाहत बसावे, असे यातून निघत नाही. उशिरा दिलेली सुट्टी या मुलाला दुप्पट महाग पडते, कारण तोवर आईवडील कामावर निघून गेलेले असतात. ती आदल्या संध्याकाळी कळली, तर निदान शेजारणीला सांगून ठेवता येते.

शिक्षकांना मात्र ही सुट्टी अनेकदा नसतेच. अशा आदेशांत पुष्कळदा आणखी एक ओळ असते : मुख्याध्यापक, शिक्षक आणि कर्मचाऱ्यांनी कार्यालयीन वेळेत शाळेत उपस्थित राहावे. व्यवहारात याचा अर्थ असा, की विद्यार्थ्यांसाठी बंद झालेली महापालिकेची शाळा त्याच संध्याकाळी नदीकाठच्या कुटुंबांसाठी उघडली जाते. बाके भिंतीशी सरकवली जातात, सतरंज्या येतात, आणि सकाळी ज्यांना शाळेत येऊ नका म्हणून सांगितले होते त्यांतली काही मुले रात्री आपल्याच वर्गात झोपतात.