साक्ष, संख्या आणि हेतू : कुवेतमधील एका कथनाचा इतिहास

मानवी हक्क संघटनांच्या अहवालांवर प्रायः दोन आक्षेप घेतले जातात. माहिती खोटी आहे, हा एक. माहिती देणाऱ्याचा हेतू शुद्ध नाही, हा दुसरा. वादाच्या भरात पहिला सिद्ध झाला की दुसराही सिद्ध झाला असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक कितपत टिकते, हे कुवेतमधील एका कथनाच्या प्रवासावरून तपासता येते.

इराकने २ ऑगस्ट १९९० रोजी कुवेत व्यापले. १० ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये, अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांनी चालविलेल्या मानवी हक्क गटापुढे, १५ वर्षांच्या एका मुलीने केवळ ‘नायिरा’ या नावाने साक्ष दिली. इराकी सैनिकांनी रुग्णालयातील इन्क्युबेटरमधून तान्ही बालके काढून थंड फरशीवर मरायला टाकली, असे तिचे म्हणणे होते. हा गट काँग्रेसची रीतसर समिती नसल्याने तेथे शपथेचे बंधन नव्हते. ‘साक्ष’ या शब्दाच्या व्युत्पत्तीत डोळा आहे. येथे मात्र तो डोळा कोणाचा, हेच झाकलेले होते.

डिसेंबरमध्ये अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने आपल्या अहवालात हीच घटना नोंदविली आणि मृत बालकांची संख्या ३१२ दिली. कथनाचे स्वरूप येथे पालटले. एका मुलीच्या तोंडची हकीकत दस्तऐवज झाली. नेमक्या आकड्यामुळे मोजणी झाल्याचा भास निर्माण झाला. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ती पुनःपुन्हा सांगितली. १२ जानेवारी १९९१ रोजी सिनेटने ५२ विरुद्ध ४७ मतांनी युद्धाला अनुमती दिली, त्या चर्चेतही ही बालके होती.

कुवेत मुक्त झाल्यावर तेथील डॉक्टरांकडे विचारणा झाली तेव्हा या कथनाला आधार मिळेना. एप्रिल १९९१ मध्ये अ‍ॅम्नेस्टीने विश्वसनीय पुरावा सापडला नसल्याचे जाहीर केले. जानेवारी १९९२ मध्ये जॉन मॅकआर्थर यांनी उघड केले की ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतील राजदूतांची कन्या होती. तिच्या साक्षीची सिद्धता हिल अँड नोल्टन या जनसंपर्क संस्थेने केली होती, आणि तिला मिळालेला पैसा मुख्यतः कुवेत सरकारचा होता.

हेतू कोणाचा, हे इथवर पुरेसे स्पष्ट आहे : राजदूताचा, सरकारचा, जनसंपर्क संस्थेचा. तोच हेतू अ‍ॅम्नेस्टीलाही चिकटवावा काय? पाश्चात्त्य सरकारे इराकला जवळ करीत होती त्या १९८०च्या दशकातही ही संघटना तेथील छळाविषयी लिहीत होती; आणि मुक्तीनंतर कुवेतमध्ये पॅलेस्टिनींचा छळ झाला तोही तिने १९९१ मध्येच नोंदविला. या कथनाची छाननी करणाऱ्यांत मिडल ईस्ट वॉच ही मानवी हक्क संघटनाच होती, हेही हेतूवादी टीकाकार सहसा सांगत नाहीत. अ‍ॅम्नेस्टीचा दोष माझ्या मते निराळा, आणि कमी गंभीर मुळीच नाही : युद्धाच्या उंबरठ्यावर, जाऊन पाहणे शक्य नसताना, तिने ऐकीव आकडा निश्चित म्हणून छापला. त्याच अहवालातील अटक, यातना आणि हत्यांच्या नोंदी मोठ्या प्रमाणात खऱ्या होत्या. पुढे चर्चा झाली ती मात्र केवळ बालकांची.

तौलनिक अभ्यासकाला यात जुना नमुना ओळखू येईल. मे १९१५ मधील ब्राइस समितीचा अहवाल बेल्जियममधील जर्मन अत्याचारांविषयी सुमारे १,२०० जबान्यांवर आधारलेला होता; साक्षीदारांना शपथ नव्हती, त्यांची नावे छापली नव्हती. बालकांच्या अंगच्छेदाच्या कथा त्यात होत्या आणि त्या पुढे निराधार ठरल्या. १९२८ मध्ये आर्थर पॉन्सनबी यांनी युद्धकालीन असत्यांवर पुस्तक लिहिले, तोवर सारेच अत्याचार प्रचार ठरले होते. वास्तविक २३ ऑगस्ट १९१४ रोजी एकट्या दिनां गावात ६७४ नागरिक मारले गेले होते. हॉर्न आणि क्रेमर या इतिहासकारांनी २००१ मध्ये बेल्जियम व फ्रान्समधील अशा नागरिकांची संख्या सुमारे ६,५०० निश्चित केली. दरम्यान १९४२ मध्ये पोलंडमधून ज्यूंच्या संहाराच्या वार्ता आल्या, तेव्हा लंडन आणि न्यूयॉर्कमधील कित्येक संपादकांना बेल्जियमची ती बालके आठवली, आणि त्या वार्ता आतल्या पानांवर गेल्या.