सुईण
बाळंतपण करणारी, बहुधा परंपरेने अनुभव मिळविलेली स्त्री. महाराष्ट्रात खेडोपाडी वेणा सुरू झाल्यापासून बाळ-बाळंतिणीस न्हाऊमाखू घालण्यापर्यंतचा भार तिच्यावर असे. तिच्या सोबतीने गर्भवतीस धीर येई. मात्र अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्यास अर्भकास धनुर्वाताचा धोका असे. गडचिरोली जिल्ह्यात अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत सुईणीच्या जोडीला प्रशिक्षित आरोग्यसेविका दिल्या. अर्भकास ऊब देणे, गुदमरल्यास श्वास चालू करणे, जंतुसंसर्गावर प्रतिजैविक टोचणे ही कामे त्या घरीच करीत. तिसऱ्या वर्षी नवजात-मृत्युमान, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, सु. ६२ टक्क्यांनी घटले. पुढे बहुतेक प्रसूती रुग्णालयांत होऊ लागून सुईणीची सोबत तुटली. या सोबतीचे महत्त्व ओळखून केंद्र शासनाने २०१६ मध्ये शासकीय रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी नात्यातील एका स्त्रीस उपस्थित राहण्याची मुभा दिली.