चिमणीतून सुटलेला वायू

जानेवारी १८८२मध्ये एडिसनच्या कंपनीने लंडनच्या होलबर्न व्हायाडक्टवर कोळसा जाळून वीज तयार केली आणि रस्त्यावरचे दिवे लावले. तेव्हापासूनचा कोळशाच्या विजेचा इतिहास बहुतेक वेळा धुराचा इतिहास म्हणून सांगितला जातो, आणि तिथेच तो अपुरा पडतो. धुराशी माणसं खरोखर झगडली, पुष्कळदा जिंकलीही. पण त्यांनी पकडली ती डोळ्यात जाणारी काजळी, कपड्यांवर बसणारी राख आणि घशाला झोंबणारा गंधक. हवामान बदलणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला ना रंग ना वास. तो प्रत्येक उपायातून सहीसलामत बाहेर पडत राहिला.

बॅटरसीचं उदाहरण याबाबतीत फार बोलकं आहे. लंडनमध्ये थेम्सकाठी एवढं मोठं वीजकेंद्र नको, असा ओरडा १९२०च्या दशकात झाला, तेव्हा धुरातला गंधक काढण्याच्या अटीवर परवानगी मिळाली. मग चिमणीकडे जाणाऱ्या वायूवर नदीचं पाणी आणि पाण्यात कालवलेला खडू फवारला जाऊ लागला. नव्वद टक्क्यांहून अधिक गंधक त्यात धुऊन निघे. मात्र धुतलेला वायू थंड आणि जड होई, वर चढायचं सोडून आसपासच्या वस्तीवर ओलसर उतरे. शिवाय खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. गंधकाला धरून ठेवताना तो स्वतःमधला कार्बन डायऑक्साइड सोडून देतो. भट्टीतून निघणाऱ्या वायूपुढे ही भर अगदी किरकोळ, पण ती कोणाच्याच हिशेबात नव्हती, हे महत्त्वाचं. डिसेंबर १९५२च्या जीवघेण्या धुरक्यानंतर (त्यातला मोठा वाटा घरोघरच्या शेगड्यांचा होता) १९५६चा स्वच्छ हवेचा कायदा आला आणि वीजकेंद्रांच्या चिमण्या उंचावत गेल्या. यॉर्कशरमधल्या ड्रॅक्सची चिमणी २५९ मीटर उंच. गावावरचा धूर गेला, तो वाऱ्याबरोबर समुद्रापार. आपल्याकडची तळी आम्लधर्मी होतात ती परदेशातल्या गंधकामुळे, हे १९६७मध्ये स्वीडनच्या स्वान्ते ओडेन यांनी मांडलं. गंधक काही दिवसांत पावसाबरोबर खाली येतो, म्हणून त्याचा माग काढता आला. कार्बन डायऑक्साइड असा पावसाने धुऊन निघत नाही.

या वायूचा धोका त्या काळी ठाऊकच नव्हता, असा बचाव केला जातो. तो अर्धाच खरा आहे. हा वायू उष्णता अडवतो, हे टिंडल यांनी १८५९मध्ये लंडनमध्येच प्रयोगाने दाखवलं. अऱ्हेनियस यांनी १८९६मध्ये त्याचं गणित मांडलं. १९३८मध्ये गाय कॅलेंडर यांनी जगभरच्या तापमानाच्या नोंदी जुळवून पृथ्वी तापू लागल्याचं सांगितलं, आणि हे कॅलेंडर व्यवसायाने वाफेच्या यंत्रांचे अभियंते होते! भट्टीत पिठासारखी दळलेली कोळशाची पूड फुंकली जाते, तिच्यातल्या प्रत्येक किलो कार्बनला हवेतला प्राणवायू चिकटतो आणि सुमारे ३.६७ किलो वायू चिमणीबाहेर जातो. हे रसायन कोणत्याही अभियंत्याला नवं नव्हतं. कमी होती ती भीतीची. अऱ्हेनियस आणि कॅलेंडर दोघांनाही ही ऊब हितकारक वाटली होती.

दुसरा आक्षेप असा की समुद्र आणि जंगलंही कार्बन सोडतात, मग दोष कोळशालाच का? याचं उत्तर कोळशाच्या वयात आहे. कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेल्या कार्बनमध्ये किरणोत्सारी कार्बन-१४ उरलेला नसतो. हवेतलं कार्बन-१४चं प्रमाण अशा जुन्या कार्बनमुळे पातळ होत असल्याचं हान्स सूस यांना झाडांच्या लाकडात आढळलं, आणि १९५५मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. शिवाय समुद्र आणि जंगलं सोडतात तेवढा कार्बन परतही घेतात. कोळशाचा कार्बन ही वरकड भर. हवाई बेटांवरच्या मौना लोआ इथे १९५८मध्ये दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग असलेला हा वायू आज ४२०च्या पुढे गेला आहे.

आपल्याकडेही दिसणाऱ्या धुराचीच दखल आधी घेतली गेली. मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्धचा कायदा १९१२चा. १९१५मध्ये खोपोलीहून जलविद्युत आली आणि गिरण्यांची वाफेची इंजिनं हळूहळू थंडावली. नंतर कोळसा विदर्भात एकवटला, आणि आज एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. तिथल्या लोकांचं राखेबद्दलचं गाऱ्हाणं रास्तच आहे, ते आधी ऐकलं पाहिजे. आधी ज्यांनी जाळलं त्यांनी आधी थांबावं, हा भारताचा मुद्दाही मला न्याय्य वाटतो. पण राख अडवली, गंधक धुतला, तरी चंद्रपूरच्या चिमणीतून बॅटरसीसारखाच तो रंग-वास नसलेला वायू जातच राहील, आणि तो कोणत्या देशाचा हे हवा विचारत नाही. ब्रिटनने आपलं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र, रॅटक्लिफ-ऑन-सोर, ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद केलं. होलबर्नचं केंद्र तर १८८६मध्येच बंद पडलं होतं. तिथे त्या चार वर्षांत जळालेल्या कोळशाने हवेत घातलेली भर मात्र आजही पुरती ओसरलेली नाही.