सियालदहमार्गे हांडिया

घरी बिअर करू पाहणारे हौशी लोक बहुधा माल्टच्या तयार अर्कापासून सुरुवात करतात. काकवीसारखा दाट अर्क पाण्यात उकळायचा, हॉप्स घालायचे, गार झाल्यावर यीस्ट सोडायचं. ब्रिटनमध्ये १९६३ साली घरगुती बिअरसाठी परवाना घेण्याची अट गेली, अमेरिकेत १९७८च्या कायद्याने वाट मोकळी झाली आणि अर्काचे डबे घरोघरी पोचले. हात बसला की माणूस डबा सोडून थेट धान्याकडे वळतो. बंगालमध्ये मात्र या दोन्ही रीती दोनशे वर्षांपूर्वीच माहीत होत्या. एक साहेबाच्या घरात, दुसरी आदिवासीच्या.

साहेबाची रीत थॉमस विल्यमसनने १८१०च्या आपल्या मार्गदर्शिकेत नोंदवली आहे. विलायतेहून जहाजाने येणारी बिअर महाग पडे, म्हणून ती वाढवून ‘कंट्री बिअर’ केली जाई. पाचवा हिस्सा पोर्टर किंवा बिअर, वाइनचा एक पेला ताडी, थोडी तांबडी साखर, किसलेलं आलं किंवा लिंबू-संत्र्याची वाळकी साल, बाकी पाणी. मूळ माल तयारच, फक्त तो पुन्हा आंबवायचा. यीस्टचं काम ताडी करी. आंबण्यामागे जिवंत यीस्ट असतं हे पाश्चरने १८५०च्या दशकात प्रयोगांनी दाखवलं, पण बंगालच्या स्वयंपाकघरांना आणि सुरेवर पाव फुगवणाऱ्या गोव्याच्या पोदेरांना ताडीची ताकद त्याच्या कितीतरी आधी ठाऊक होती.

दुसरी रीत हांडियाची, आणि खरं कसब तिच्यात आहे. संथाळ, मुंडा, उरांव घरांत हे काम मुख्यतः बायकांचं. शिजवलेला भात चटईवर पसरून गार करायचा. बाखर किंवा रानू म्हणतात त्या पांढुरक्या गोळ्या चुरून त्यात कालवायच्या, मडक्यात भरून तोंड झाकायचं. उन्हाळ्यात काही दिवसांत आंबतं, थंडीत जास्त वेळ लागतो. मग पाणी घालून गाळायचं. उतरते ती पांढरट, आंबटगोड हांडिया. संथाळांच्या सोहराय सणात ती आधी बोंगांना, म्हणजे देवतांना चढवतात.

बाखरची गोळी तांदळाच्या पिठात रानातल्या मुळ्या-साली कुटून घालून केलेली असते. तिच्यात बुरशीही असते आणि यीस्टही. बार्लीच्या बिअरला आधी मोड आणावे लागतात, मग भरडलेलं धान्य साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवून पिठाची साखर करावी लागते, आणि आंबवणं त्यानंतर. मडक्यात मात्र बुरशी साखर करत असते आणि त्याच वेळी यीस्ट तिची दारू करत असतं. जपानी साकेचं तत्त्वही हेच.

या कसबाच्या प्रवासात कोलकात्याचं सियालदह स्टेशन येतं. १८६२ साली ईस्टर्न बंगाल रेल्वे इथून कुष्टियापर्यंत सुरू झाली, १८७१ साली ती पद्माकाठच्या गोआलंदोला पोचली. तिथून आगबोटी आसामकडे जात. छोटा नागपूरहून चहामळ्यांसाठी भरती केलेले असंख्य आदिवासी मजूर याच वाटेने गेले. त्या प्रवासात कॉलऱ्याने फार माणसं दगावली, कराराने बांधलेल्यांना मळा सोडून जाता येत नव्हतं. जे तगले त्यांनी मळ्यांच्या वस्त्यांत मडकी पुन्हा मांडली. आसाम आणि डुआर्सच्या मळ्यांत हांडिया आजही होते.

१९०९च्या बंगाल अबकारी कायद्याने तिला वेगळ्या खान्यात टाकलं. माल्टपासून होणारी ती ‘बिअर’, आणि आंबवलेला तांदूळ किंवा इतर धान्य व त्यातून निघणारं पेय ती ‘पचवई’. कर वसूल करायला ही विभागणी सोयीची असेल, पण बिअरच्या इतिहासात तिला आधार नाही. हांडिया ही धान्यापासून केलेली बिअरच आहे, आणि विलायती बिअरमध्ये पाणी-ताडी घालून केलेल्या ‘कंट्री बिअर’पेक्षा तिचा त्या नावावरचा हक्क मोठा आहे.