पानाचे झाले यंत्र

१९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना मांडली, ती शास्त्रज्ञांना एकमेकांची माहिती सहज मिळावी म्हणून. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. पुढच्या साऱ्या वाटचालीचे बीज या उदारपणात आहे.

पण वेबचे पान अजून निश्चल होते.

१९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेचा पहिला नमुना लिहिला आणि पानात जीव आला. तरी नवी माहिती हवी असली की बहुधा अख्खे पान पुन्हा मागवावे लागे. ब्राउझरमध्ये ईमेल नीट चालावी यासाठी झटणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या चमूने पडद्याआडून सर्व्हरशी बोलण्याची सोय घडवली. १९९९ च्या इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मध्ये ती आली.

तिची खरी ताकद जीमेल (२००४) आणि गूगल मॅप्सने (२००५) दाखवली. माउसने नकाशा ओढला की पुढचे तुकडे आपसूक येत. काही इन्स्टॉल करायचे नाही. विंडोज असो, मॅक असो वा लिनक्स, ब्राउझर पुरेसा.

पुढे तर १९८२ मध्ये जन्मलेले ऑटोकॅड हे अभियंत्यांचे अवजड सॉफ्टवेअरही २०१८ मध्ये जड प्रोग्राम वेगाने चालवणाऱ्या वेबअसेंब्ली या तंत्राच्या जोरावर ब्राउझरमध्ये उघडू लागले.