भार बाहेरचा, ताण आतला

मंडळी, आज सुरुवात चुंबळीपासून करू. डोक्यावर पाटी किंवा घागर घ्यायची तर आपल्याकडच्या बाया आधी जुन्या कापडाची चुंबळ वळून डोक्यावर ठेवतात, मग ओझं उचलतात. आता बघा, चुंबळीने ओझं तोळाभरही कमी होत नाही. उलट चुंबळीचं स्वतःचं वजन त्यात वाढतं. तरी डोक्याला रुतत नाही. कारण घागरीचं बूड जेवढ्या जागेवर टेकलं असतं, त्यापेक्षा मोठ्या जागेवर ते आता टेकलं आहे. भार तोच, ताण कमी. एवढी एक गोष्ट ज्याला नीट कळली त्याला आजचं अर्धं व्याख्यान कळलं, असं समजायला हरकत नाही.

पाठ्यपुस्तकांत या आतल्या ताणाला ‘प्रतिबल’ म्हणतात. बरोबर शब्द आहे, पण बोलताना जिभेवर येत नाही. मी आज ताणच म्हणेन, मग तो ओढण्याचा असो की दाबण्याचा. भार म्हणजे बाहेरून काय आलं ते. ताण म्हणजे त्यामुळे वस्तूच्या आत, प्रत्येक ठिकाणी काय चाललं आहे ते.

पूर्णेत हे सांगायला सोपं जातं, कारण हे गाव रेल्वेचं आहे. निजामाच्या काळात, १९००च्या सुमाराला, हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेची मीटरगेज लाइन इथून मनमाडकडे गेली, पुढे हिंगोलीकडे फाटा फुटला आणि जंक्शन झालं. रेल्वे म्हणजे चुंबळींची एक उतरंडच आहे. चाक रुळाला टेकतं ती जागा एखाद्या नाण्याएवढी. तिथला ताण प्रचंड, म्हणून तिथे पोलाद लागतं. रूळ तो भार स्लीपरवर पसरतो, स्लीपर खडीवर, खडी मातीवर. मातीपर्यंत पोचेस्तोवर तोच भार इतका पातळ होतो की आपली काळी मातीसुद्धा तो झेलते (पावसाळ्यात कुरकुर करते, ते वेगळं). मीटरगेजच्या वायपी इंजिनात एका आसावर साधारण १०.५ टन भार यायचा. आज ब्रॉडगेजच्या भरलेल्या मालडब्याच्या एका आसावर २२ टनांच्या वर येतो. म्हणून १९९०च्या दशकात मनमाडकडची लाइन रुंद झाली, २००८मध्ये अकोल्याकडची झाली, तेव्हा नुसते रूळ लांब सरकवून भागण्यासारखं नव्हतं. भार दुप्पट झाला की खालच्या प्रत्येक चुंबळीचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

हा हिशेब माणसाला सुचला कधी? घरं, देवळं, किल्ले बांधणाऱ्यांना अंदाज होताच, पण तो हातात होता, कागदावर नव्हता. कागदावर तो आणायचा पहिला मोठा प्रयत्न गॅलिलिओचा. नजरकैदेत असताना त्याने लिहिलेलं पुस्तक १६३८मध्ये हॉलंडमधल्या लायडनला छापलं गेलं. ग्रहताऱ्यांचा गॅलिलिओ आपल्याला माहीत असतो. हा दुसरा, तुळया का मोडतात ते विचारणारा. त्यात एक किस्सा आहे. संगमरवराचा एक मोठा खांब दोन टोकांना दोन ओंडक्यांवर आडवा ठेवला होता. एका कारागिराला वाटलं, मध्ये वजनाने मोडायचा, म्हणून त्याने मधोमध तिसरा ओंडका सारला. सगळ्यांना पटलं. काही महिन्यांनी खांब मोडला, आणि नेमका त्या तिसऱ्या ओंडक्यावर मोडला. झालं असं की टोकाचा एक ओंडका कुजून खचला, मधला पक्का राहिला, आणि खांबाचं अर्धं अंग अधांतरी लोंबकळू लागलं. खांबाचं वजन वाढलं नव्हतं. आधार वाढला होता! आधार कुठे दिला यावर आतला ताण ठरतो, हे इतक्या सोप्या गोष्टीतून मला तरी दुसऱ्या कुठल्या पुस्तकात भेटलेलं नाही.

पुढे १६७८मध्ये रॉबर्ट हूकने सांगितलं की स्प्रिंग जितकी ताणाल त्या प्रमाणात तिची ओढ वाढते. त्यावर फार थांबत नाही. थांबायचं आहे ते फ्रान्समधल्या एका रेल्वे अपघातापाशी.

८ मे १८४२. व्हर्सायहून पॅरिसला परतणारी गर्दीची गाडी. पुढच्या इंजिनाचा आस तुटला, मागचे डबे त्यावर चढले, आग लागली. डब्यांची दारं बाहेरून कुलपं लावून बंद. पन्नासाहून जास्त माणसं गेली. युरोपभर एकच प्रश्न: चांगल्या लोखंडाचा, रोज तोच भार वाहणारा आस एके दिवशी अचानक का तुटतो? लोक म्हणू लागले, धक्के खाऊन खाऊन लोखंडाची जातच बदलते, ते आतून खडीसाखरेसारखं होतं. १८४३मध्ये रँकिन नावाच्या तेविशीच्या स्कॉटिश इंजिनीअरने तुटलेले आस बघून वेगळं सांगितलं. लोखंड बदललेलं नाही. आसाची जाडी जिथे एकदम कमी होते त्या काटकोनी खाचेपाशी बारीक चीर पडते आणि ती हळूहळू आत सरकत जाते. उरलेलं लोखंड शेवटच्या दिवसापर्यंत चांगलंच असतं, फक्त ते कमी कमी उरतं. याच रँकिनने पुढे १८५०च्या दशकात इंग्रजीतल्या ‘स्ट्रेस’ आणि ‘स्ट्रेन’ या शब्दांचे अर्थ वेगळे करून दिले. स्ट्रेस म्हणजे आतलं बल, स्ट्रेन म्हणजे त्याने झालेला आकारातला बदल. ही वाटणी लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

मग जर्मनीत ऑगस्ट व्योलर. हाही रेल्वेचाच माणूस. त्याने आस फिरवत ठेवणारी यंत्रं केली आणि वर्षानुवर्षं नमुने मोडले. गाडी चालते तेव्हा आसाच्या पृष्ठभागाचा प्रत्येक बिंदू एका फेऱ्यात एकदा ओढला जातो, एकदा दाबला जातो. चाक एक मीटर व्यासाचं धरलं तर किलोमीटरला तीनशेच्या वर फेरे होतात. इथून नांदेडला जाऊन यायचं म्हटलं तरी किती फेरे झाले, तुम्हीच मोजा. व्योलरने दाखवलं की एका झटक्यात जे लोखंड अमुक भार सहज सोसतं, तेच लोखंड त्याच्या निम्म्याहून कमी भारालाही तुटतं, जर तो भार उलटसुलट लाखो वेळा आला तर. आणि त्याने हेही दाखवलं की एक मर्यादा असते, तिच्या खाली ठेवलं तर लोखंड टिकतं. याला धातूचा थकवा म्हणतात. इंजिनीअरांनी हा शब्द माणसाकडून उसना घेतला, हे गमतीचं आहे. उसनवारी उलट दिशेने पुढे कशी झाली ते येतंच आहे.

इथे बसलेल्या जुन्या मंडळींना आठवत असेल, गाडी थांबली की एक माणूस लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकांवर ठोकत जायचा. टण्ण आवाज आला की पुढे, बद्द आला की थांब. आता अल्ट्रासाउंडने आस तपासतात. पण त्या हातोडीवाल्याला व्योलरचं सार कळलं होतं: वरून सगळं ठीक दिसतं, म्हणून आत विचारायचं.

आता कोयना. ताण समजायला महाराष्ट्रात याच्याएवढं मोठं उदाहरण नाही. त्याआधी एका फ्रेंच माणसाचं नाव घ्यावं लागेल, कोशी. १८२२मध्ये त्याने मांडलं की एकूण भाराला एकूण क्षेत्रफळाने भागून येतो तो ताण फक्त सरासरीचा. खरा ताण बिंदूगणिक वेगळा, आणि एकाच बिंदूत दिशेगणिकही वेगळा. म्हणजे ‘या भिंतीवर किती ताण आहे’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठे, आणि कोणत्या दिशेने, हे विचारल्याशिवाय उत्तर नाही.

कोयनेचं धरण १०३ मीटर उंच. गणित करताना भूकंपासाठी आडवं बल धरलं होतं वजनाच्या ५ टक्के. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ते धरलं होतं, कुणी आळस केला होता असं नाही. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंप झाला. धरणातल्या गॅलरीतल्या यंत्राने नोंदलेला प्रवाहाच्या दिशेचा आडवा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याच्या आसपास होता. गृहीत धरलेल्याच्या जवळजवळ दसपट! तरी धरण उभं राहिलं. पण तडे गेले, आणि ते कुठे गेले ते महत्त्वाचं आहे. पायाशी सगळ्यात जास्त वजन, तिथे नाही. दोन-तृतीयांश उंचीच्या आसपास, जिथे धरणाच्या मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो, त्या वळणापाशी आडवे तडे. रँकिनच्या आसावरची खाच आणि कोयनेचं ते वळण, दोन्हींची गोष्ट एकच. आकार जिथे एकाएकी बदलतो तिथे ताण गोळा होतो. शिवाय काँक्रीट दाब सोसतं, ओढ सोसत नाही, आणि हिसक्याने त्या जागी ओढच पडली. नंतर तडे भरले आणि मागून काँक्रीटचे धीरे देऊन तो भाग जाड केला. चुंबळच म्हणा ना.

आपल्या मराठवाड्याचा १९९३चा किल्लारीचा भूकंप मी मुद्दाम थोडक्यात घेतो, कारण त्यावर घाईने बोलू नये. माळवदाची घरं उन्हाळ्यात थंड, पण गळू नये म्हणून वर्षानुवर्षं माती चढत गेली. भार इतका हळू वाढला की कुणाला तो भार वाटलाच नाही. ३० सप्टेंबरच्या पहाटे मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि ते माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. जिथे माळवद भिंतीवर नसून आतल्या लाकडी खांबांवर तोललेलं होतं, तिथे काही ठिकाणी भिंती पडूनही वरचं छत राहिलं. भार कुठल्या वाटेने जमिनीत जातो, यावर माणसं वाचली किंवा गेली.

आता सजीवांकडे. १८६६मध्ये झुरिकमध्ये हेर्मान फॉन मायर नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने मांडीच्या हाडाचा उभा छेद दाखवला. आत जाळीसारख्या बारीक पट्ट्या होत्या. बघणाऱ्यांत कार्ल कुलमान होता, तोही तारुण्यात रेल्वेचे पूल बांधलेला. त्याला त्या पट्ट्यांत वाकड्या यारीच्या आतल्या ताणाच्या रेषा दिसल्या. १८९२मध्ये युलिउस वोल्फने पुढचं सांगितलं: हाडावर जसा भार येतो तसं हाड स्वतःला घडवतं. भार काढून घेतला तर विरतं. अंतराळवीरांची हाडं विरळ होतात ती म्हणूनच. लोखंडाला हे जमत नाही.

आपल्या मोसंबीवाल्यांना हे वेगळ्या वाटेने ठाऊक आहे. बहार धरायचा तर पाणी तोडून बागेला ताण देतात. पण किती? हलकी जमीन असेल तर दिवस कमी, भारी काळी असेल तर जास्त, आणि झाड अशक्त असेल तर देऊच नये. जास्त झाला तर पानगळ होते आणि फांद्या वाळतात. ‘ताण चांगला की वाईट’ असं शेतकरी विचारत नाही. झाड कोणतं, जमीन कोणती, हे विचारतो.

आणि आता हान्स सेली. १९३६मध्ये माँट्रियलमध्ये तो उंदरांवर प्रयोग करत होता. थंडी द्या, जखम करा, विषारी द्रव टोचा, काहीही करा, आत तेच घडायचं: अधिवृक्क ग्रंथी सुजायच्या, थायमस आक्रसायची, पोटात व्रण पडायचे. बाहेरचे भार वेगवेगळे, आतलं उत्तर एक. यालाच तो पुढे ‘स्ट्रेस’ म्हणू लागला. बाहेरच्या कारणाला मग ‘स्ट्रेसर’ असा नवा शब्द करावा लागला. उतारवयात त्याने स्वतःच लिहून ठेवलं की तेव्हा आपलं इंग्रजी बरं असतं तर आपण ‘स्ट्रेन’ हा शब्द घेतला असता. म्हणजे रँकिनने केलेली वाटणी इथे पुसली गेली.

तुम्ही म्हणाल, शब्दाने काय बिघडतं? बिघडतं. आज ‘मला ताण आहे’ या एका वाक्यात भार, छेद, आधार, सगळं बुडून जातं. चार माणसांचं काम एकट्यावर आलेल्या कारकुनाला ताणमुक्तीच्या शिबिराला पाठवतात. शिबिर वाईट नाही. प्राणायामाने त्याला झोप लागेल, डॉक्टरकडे जायची गरज असेल तर जरूर जावं, लाजू नये. पण भरायच्या तीन जागा रिकाम्या आहेत हा भाराचा प्रश्न आहे, आणि कुठलाही इंजिनीअर तुळईला सहनशीलता शिकवत बसत नाही. तो आधी विचारतो, वर किती ठेवलंय?

पैसेवारीचं घ्या. नजर पैसेवारी, सुधारित, मग अंतिम. ५० पैशांच्या खाली आली तर टंचाई, वर राहिली तर नाही. निवडलेल्या शेतांच्या उत्पन्नावरून काढलेली गावाची सरासरी ती. त्याच गावात एकाची विहीर चालू, दुसऱ्याची तीन एकर माळावर, डोक्यावर खाजगी कर्ज, घरात लग्नाची मुलगी. सरकारी हिशेबात दोघांवर ताण सारखाच! कोशीने हे मांडून दोनशे वर्षं झाली, तरी माणसांच्या बाबतीत आपण अजून एकूण भार भागिले एकूण क्षेत्रफळ यावरच चालतो. सरासरी काढू नये असं मी म्हणत नाही. तिच्याशिवाय तहसील चालणार नाही. पण वळण कुठे आहे ते तलाठ्याला आणि गावाला माहीत असतं, आणि ते लिहायला त्या कागदावर रकाना नाही. तो असावा, एवढं माझं म्हणणं आहे.

वेळ होत आली. रेल्वेतल्या मंडळींच्या दोन चिठ्ठ्या आल्या आहेत, आसाच्या तपासणीबद्दलच्या, त्या आधी घेतो.