प्रार्थना ठोंबरे : बार्शीच्या टेनिसपटूची दुहेरीतील प्रदीर्घ वाटचाल

भारतातील महिला टेनिसचा विषय निघाला की सानिया मिर्झाचे नाव प्रथम येते, हे स्वाभाविकच आहे. परंतु २०१४ च्या इंचॉन आशियाई क्रीडा स्पर्धेत आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये महिला दुहेरीत सानियाच्या साथीला उभी असलेली खेळाडू सोलापूर जिल्ह्यातील बार्शीची होती, याचे स्मरण मराठी वाचकांनाही करून द्यावे लागते. प्रार्थना गुलाबराव ठोंबरे हे तिचे नाव. या दोन प्रसंगांमुळे ती प्रकाशझोतात आली. मात्र तिच्या कारकिर्दीचे खरे मोल रिओनंतरच्या वर्षांत आहे. प्रसिद्धी ओसरल्यावरही ती खेळत राहिली आणि २०२५ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, पुण्यात भारताच्या एका महत्त्वाच्या विजयाची मानकरी ठरली.

सीमेवरचे गाव

प्रार्थनाचा जन्म १८ जून १९९४ रोजी बार्शीत झाला. बार्शी तालुका प्रशासकीयदृष्ट्या सोलापूर जिल्ह्यात असला, तरी उत्तर आणि पूर्वेकडून त्याला धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याचाच वेढा आहे. भूम, परंडा, कळंबकडील शेतकऱ्यांना धान्य विकण्यासाठी आणि रुग्णांना उपचारासाठी बार्शी जवळची. त्यामुळे बार्शीची खेळाडू ही धाराशिवकरांनाही आपलीच वाटते.

या परिसराची ओळख दुष्काळ, ज्वारी-तुरीची बाजारपेठ आणि भगवंताचे मंदिर अशी आहे, टेनिसची नाही. येथे मुलींचा खेळ म्हटले की खो-खो आठवतो. धाराशिवच्या सारिका काळे हिने कर्णधार म्हणून भारताला २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवून दिले आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. गुवाहाटी येथे झालेल्या त्याच स्पर्धेत प्रार्थनानेही शर्मदा बालूच्या साथीत महिला दुहेरीचे सुवर्ण जिंकले. एकाच परिसरातील दोन मुली एकाच स्पर्धेत सुवर्णपदक मिळवतात, हा योग दुर्मीळ होता. पण दोघींच्या वाटा वेगळ्या होत्या. खो-खोला एक मैदान, दोन खांब आणि शिकवणारा गुरू पुरतो. टेनिसला कोर्ट, रॅकेट, तारा आणि चेंडू यांच्या जोडीला वर्षभराचा प्रवासखर्चही लागतो. छोट्या गावातील टेनिसपटूला कधी ना कधी गाव सोडावेच लागते. प्रार्थनाच्या बाबतीतही तेच घडले. पुढे हैदराबादजवळील सानिया मिर्झा टेनिस अकादमी हे तिच्या सरावाचे ठिकाण बनले.

इंचॉन ते रिओ

इंचॉनला सानिया आणि प्रार्थना एकत्र उतरल्या, तेव्हा प्रार्थना अवघी २० वर्षांची होती. उपांत्य फेरीत त्यांची गाठ चायनीज तैपेईच्या चॅन चिन-वेई आणि सिएह सु-वेई या अनुभवी जोडीशी पडली. दोन सेटमध्ये बरोबरी झाल्यावर सुपर टायब्रेकमध्ये भारतीय जोडीला हार पत्करावी लागली. आशियाई स्पर्धेतील टेनिसमध्ये उपांत्य फेरीत पराभूत होणाऱ्या दोन्ही जोड्यांना कांस्यपदक दिले जाते. त्यानुसार प्रार्थना पदकविजेती ठरली. पुढील वर्षी, २०१५ मध्ये, हैदराबाद येथे झालेल्या फेड चषक स्पर्धेत भारताला आशिया-ओशनिया विभागाच्या पहिल्या गटात बढती मिळाली. त्या संघातही ती होती.

रिओ ऑलिम्पिकसाठी तिची निवड झाली, ती नियमाचा नेमका अर्थ लक्षात घेता समजते. दुहेरीच्या क्रमवारीत पहिल्या दहांत असलेल्या खेळाडूला पहिल्या तीनशेतील जोडीदार घेऊन खेळण्याची मुभा होती. सानिया त्या वेळी दुहेरीत जागतिक क्रमवारीत अव्वल होती. प्रार्थना पहिल्या शंभरच्या बरीच बाहेर होती, पण नियमाच्या मर्यादेत बसत होती. निवडीची चर्चा झाली, तिच्या अनुभवाबद्दल शंकाही घेतल्या गेल्या. प्रत्यक्ष कोर्टवर ६ ऑगस्ट २०१६ रोजी या जोडीने चीनच्या पेंग शुआई आणि झांग शुआई यांना सुमारे पावणेतीन तास झुंजवले. पेंग ही स्वतः दुहेरीत जागतिक अव्वल स्थानी राहिलेली खेळाडू. पहिला सेट टायब्रेकमध्ये गमावल्यावर भारतीयांनी दुसरा ७-५ असा खेचून आणला आणि तिसरा ५-७ असा गमावला. पहिल्याच फेरीतील पराभव म्हणून निकालाची नोंद झाली. तीन सेटमधील अंतर मात्र अगदी थोडे होते.

दुहेरीचे अर्थकारण

रिओनंतर वृत्तपत्रांतून तिचे नाव मागे पडले. व्यावसायिक टेनिसची रचना पाहिली म्हणजे त्याचे कारण उमगते. ग्रँड स्लॅम आणि डब्ल्यूटीए स्पर्धांच्या खाली आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या, स्पर्धांची मोठी उतरंड आहे. बहुसंख्य खेळाडूंचे आयुष्य याच उतरंडीवर जाते. प्रार्थनाने सुरुवात केली तेव्हा सर्वांत खालच्या पायरीवरील स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम १० हजार डॉलर होती. २०१७ पासून ती १५ हजार झाली. ही रक्कम विजेतीची नव्हे, तर एकेरीतील ३२ आणि दुहेरीतील १६ जोड्या अशा सर्वांत मिळून वाटली जाणारी. त्यातही मोठा वाटा एकेरीचा असतो आणि दुहेरीची रक्कम दोघींत विभागली जाते. विमानभाडे आणि निवास वजा जाता जिंकलेल्या आठवड्यातही हाती फारसे उरत नाही.

क्रमवारीचा हिशेबही निष्ठुर आहे. मिळवलेले गुण ५२ आठवड्यांनी गळून पडतात. म्हणजे गतवर्षी जिंकलेली स्पर्धा यंदा पुन्हा जिंकावी लागते किंवा तितके गुण अन्यत्र कमवावे लागतात. दुखापत, आजारपण किंवा पैशाची अडचण यांमुळे काही महिने जरी घरी बसावे लागले, तरी वर्षांची कमाई खाली येते. दुहेरीतील खेळाडूला आणखी एक चिंता असते, ती जोडीदाराची. स्पर्धेत प्रवेश दोघींच्या एकत्रित क्रमवारीवर मिळतो. त्यामुळे कोणासोबत, कोणत्या आठवड्यात, कोणत्या देशात खेळायचे याची जुळवाजुळव सतत करावी लागते.

सामन्याचे स्वरूपही चुकीला वाव देत नाही. डब्ल्यूटीए आणि आयटीएफच्या दुहेरीत ४०-४० अशी बरोबरी झाली की एकाच गुणावर गेमचा निकाल लागतो आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा सुपर टायब्रेक खेळवला जातो. तासभर चांगले खेळूनही चार-पाच चेंडूंत सामना हातचा जाऊ शकतो. नेटजवळील चपळाई, सर्व्हिस परतवण्यातील अचूकता आणि जोडीदाराशी न बोलता साधलेला समन्वय हेच या खेळाचे भांडवल. हे गुण वयाबरोबर पिकतात. म्हणूनच दुहेरीतील कारकीर्द एकेरीपेक्षा लांबू शकते, आणि प्रार्थनाने याच गोष्टीवर भिस्त ठेवली.

तिसाव्या वर्षीचे फळ

वर्षानुवर्षांच्या या फिरस्तीतून तिने जागतिक दुहेरी क्रमवारीत पहिल्या दोनशेच्या आत स्थान मिळवले. महाराष्ट्रात पुणे, सोलापूर, नवी मुंबई येथे आयटीएफच्या महिला स्पर्धा भरू लागल्याने राज्यातील खेळाडूंचा परदेशवारीचा भार काहीसा हलका झाला, हेही नमूद करायला हवे. २०२३ मध्ये हांगझाऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धेसाठी ती पुन्हा भारतीय संघात होती. त्या स्पर्धेत रोहन बोपण्णासह मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकणारी ऋतुजा भोसले हीदेखील महाराष्ट्राचीच. त्याच वर्षी सानियाने निवृत्ती घेतली. ज्या खेळाडूच्या जोडीदार म्हणून प्रार्थनाची ओळख झाली होती, ती कोर्टवरून गेली आणि प्रार्थना खेळतच राहिली.

२०२५ च्या फेब्रुवारीत मुंबईतील क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर झालेल्या डब्ल्यूटीए १२५ दर्जाच्या मुंबई ओपन स्पर्धेत तिने नेदरलँड्सच्या आरियान हार्टोनोसह दुहेरीची अंतिम फेरी गाठली आणि उपविजेतेपद मिळवले. दोनच महिन्यांनी पुण्यातील म्हाळुंगे-बालेवाडी येथे बिली जीन किंग चषकाच्या आशिया-ओशनिया गटाच्या लढती झाल्या. विशाल उप्पल याच्या नेतृत्वाखालील भारतीय संघाला पहिल्याच दिवशी न्यूझीलंडकडून हार पत्करावी लागली होती. त्यानंतर प्रत्येक लढत जिंकणे भाग होते. श्रीवल्ली भामिडिपाटीने एकेरीत एकही सामना न गमावता संघाला तारले. अखेरच्या दिवशी दक्षिण कोरियाविरुद्ध एकेरीनंतर १-१ अशी बरोबरी झाली आणि सारा भार दुहेरीवर आला. अंकिता रैना आणि प्रार्थना यांनी तो सामना सरळ सेटमध्ये जिंकला. भारत २-१ असा विजयी झाला आणि २०२१ नंतर प्रथमच प्ले-ऑफमध्ये पोचला. नोव्हेंबर २०२५ मध्ये बंगळूर येथे झालेल्या प्ले-ऑफमध्ये भारताची वाटचाल थांबली, तरी पुण्यातील विजयाचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही.

क्रमवारीतील अव्वल स्थान किंवा ग्रँड स्लॅमचा चषक यांवरच टेनिसपटूचे यश मोजण्याची आपली सवय आहे. त्या मापाने प्रार्थना ठोंबरेची कारकीर्द लहान दिसेल. पण टेनिसची परंपरा नसलेल्या गावातून निघून, एक तपाहून अधिक काळ वर्षाला पुसले जाणारे गुण पुन्हा पुन्हा कमावणे आणि निर्णायक क्षणी देशाच्या उपयोगी पडणे, ही साधना सोपी नाही. बार्शी-धाराशिव पट्ट्यातील एखादी मुलगी उद्या रॅकेट हाती घेईल, तेव्हा सानियाएवढेच हे उदाहरणही तिच्यासमोर ठेवायला हवे. कारण व्यावसायिक टेनिसमध्ये बहुतेकींच्या वाट्याला येणारा रस्ता हाच असतो.

दृष्टिक्षेपात कारकीर्द

जन्म : १८ जून १९९४, बार्शी
२०१४ : इंचॉन आशियाई स्पर्धा, महिला दुहेरीत कांस्य (सानिया मिर्झासह)
२०१६ : दक्षिण आशियाई स्पर्धा, महिला दुहेरीत सुवर्ण (शर्मदा बालूसह)
२०१६ : रिओ ऑलिम्पिक, महिला दुहेरीत सहभाग (सानिया मिर्झासह)
२०२५ : मुंबई ओपन, दुहेरीत उपविजेतेपद (आरियान हार्टोनोसह)
२०२५ : बिली जीन किंग चषक, पुणे, कोरियाविरुद्ध निर्णायक दुहेरीत विजय (अंकिता रैनासह)